पुंगळी बदललीत, जेटचं काय?

बुलेटची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, बदलायला फारसं काही लागत नाही. पुढे सिलिंडरच्या तोंडाशी बेंड पाइप, मागे एक क्लॅम्प आणि दोन-तीन नट. अर्ध्या तासात जुनी निघते, नवी बसते. गिऱ्हाईक किक मारतं, रेस देतं, शेजारचा चहावाला दचकतो आणि पैसे चुकते होतात. काम झालं असं सगळेच समजतात. खरं काम तिथून पुढे सुरू व्हायला हवं असतं. बहुतेक वेळा ते होतच नाही.

मुंबईतल्या जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोड, बेहरामबाग, ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. पूर्वेला हायवे, मजास आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचं, म्हणजे जेव्हीएलआरचं, तोंड. या पट्ट्यात शटरभर रुंदीची गॅरेजं आहेत. त्यांचा खरा वर्कशॉप फुटपाथवर असतो आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली. स्पेअर पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठायचा, अगदीच जुनं काही हवं असेल तर चोरबाजार. आरटीओ अंधेरीला, म्हणून इकडच्या गाड्यांवर एमएच-०२. अशा गॅरेजात आजही कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, येझ्दी, क्वचित राजदूत ३५० उभी दिसते. दिसली की तिच्या पुंगळीकडे बघावं. दहातल्या किती मूळच्या असतील याचा आकडा माझ्याकडे नाही, पण मूळची दिसली तर मी थांबून पाहतो, इतकी ती दुर्मीळ झाली आहे.

पुंगळ्यांना नावं आहेत. शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, पंजाब, इंदोरी, गोल्डस्टार. यातलं शेवटचं नाव खानदानी. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची गोल्ड स्टार ही पन्नासच्या दशकातली नामांकित गाडी. १९५६ साली तिचं डीबीडी३४ हे ५०० सीसीचं रूप आलं. त्यावर दीड इंच गळ्याचा अमल जीपी कार्बोरेटर होता, म्हणजे जवळजवळ ३८ मिलिमीटर. कॅमशाफ्ट, कार्बोरेटर आणि सायलेन्सर एकमेकांना जुळवून बसवलेले. थ्रॉटल सोडला की तिच्या सायलेन्सरमधून चिवचिवाटासारखा एक आवाज यायचा, तो ऐकायला इंग्लंडातले शौकीन आजही जीव टाकतात. १९६३ ला ती गाडी बंद झाली. आपल्याकडे तिचा आकार आला, नाव आलं. कार्बोरेटर मात्र आला नाही. ३५० बुलेटवर चोवीस मिलिमीटरचा मिककार्ब तसाच राहिला, त्यातला नव्वदच्या आसपासचा मेन जेट तसाच राहिला, आणि मागे गोल्डस्टार लागली.

कार्बोरेटर हे तसं साधं यंत्र आहे. न्हाव्याकडे रबरी फुगा दाबून पाणी मारायचा जुना फवारा असायचा, त्याचंच तत्त्व. अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. विल्हेल्म मायबाखनं जर्मनीत आणि दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीनं हंगेरीत १८९३ च्या सुमाराला असे कार्बोरेटर बनवले, आणि पुढची शंभर वर्षं इंजिनांनी त्यावर काढली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटारसायकलींतून तो जवळपास गेलाच. आता तिथे सेन्सर असतात. किती हवा आली, जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला, हे मोजून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. पुंगळी बदलली तरी काही मर्यादेपर्यंत तो सांभाळून घेतो. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. त्याला दोन-चार भोकांचे, म्हणजे जेटचे, आकार तेवढे ठाऊक, आणि ते आकार कारखान्यातल्या कुणीतरी मूळ एअर फिल्टर आणि मूळ सायलेन्सर लावून ठरवलेले.

ही भोकं आपापला इलाका वाटून घेतात. थ्रॉटल बंद ते एक अष्टमांश उघडा असेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. तिथून पाव थ्रॉटलपर्यंत, थ्रॉटलनं उचलल्या जाणाऱ्या स्लाइडच्या तळाचा तिरपा काप. पाव ते पाऊण या मोठ्या टप्प्यात सुई. ती निमुळती असते आणि स्लाइडबरोबर वर-खाली होते. सुईच्या डोक्याला खाचा असतात, त्यांत क्लिप. क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. पाऊणच्या पुढे मेन जेट. मुंबईत गाडी चालवणारा माणूस दिवसाचा बहुतेक वेळ पहिल्या तीन टप्प्यांत असतो. मेन जेटपर्यंत जाण्याइतका रस्ता त्याला मिळतच नाही. तरीही ‘जेटिंग करून द्या’ म्हटलं की बरेच जण मेन जेटच बदलून देतात, कारण तो बदलणं सोपं.

आता मागची पुंगळी मोकळी केली की नेमकं काय होतं? गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं: बॅक प्रेशर कमी झालं, इंजिनाला बॅक प्रेशर लागतं, म्हणून खालची ताकद गेली. निरीक्षण बरोबर, कारण चुकीचं. कुठल्याही इंजिनाला जळका धूर बाहेर ढकलताना अडथळा ‘लागत’ नाही. त्याला लागतात त्या पाइपमधून परत येणाऱ्या लाटा, आणि त्याही वेळेवर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून मागे धावते. पाइपचं तोंड मोकळ्या हवेत किंवा मोठ्या पोकळीत उघडलं की तिथून उलट जातीची, म्हणजे ओढ लावणारी लाट परत फिरते. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या वर असतो. सव्वा मीटर पाइपला जाऊन-येऊन अडीच मीटर, म्हणजे साडेचार-पाच मिलिसेकंद. तीन हजार आरपीएमला इंजिन एका मिलिसेकंदात अठरा अंश फिरतं. म्हणजे ती लाट परत येईपर्यंत क्रँक ऐंशी-नव्वद अंश पुढे गेलेला असतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना ही ओढ पोचली तर जळका वायू निघून जातो आणि ताजी हवा जास्त येते. चुकीच्या वेळी पोचली तर तेवढ्या आरपीएमला गाडी गोते खाते. पुंगळीची लांबी, पोट आणि आतली जाळी बदलली की हे सगळं वेळापत्रक बदलतं. काही आरपीएमला इंजिन पूर्वीपेक्षा जास्त हवा घेतं, काही ठिकाणी कमी. भोकं मात्र जुन्या वेळापत्रकाचीच असतात.

बहुतेक मोकळ्या पुंगळ्यांचा निकाल एकाच बाजूला लागतो: मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मिस्त्रींच्या भाषेत गाडी हवा खाते. लक्षणं ओळखीची. सकाळी चोक दिल्याशिवाय उभी राहत नाही. सिग्नलला आयडलिंग कधी चढतं, कधी बसतं. थ्रॉटल एकदम दिला तर क्षणभर मागे ओढते, मग झटक्यानं सुटते. हेड जास्त तापतं, बेंड पाइप निळा पडतो. आणि उतारावर थ्रॉटल सोडला की मागून फट्, फट्.

या फट्-फटवर जरा थांबायला हवं, कारण पुष्कळांनी पैसे त्याचेच मोजलेले असतात. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये इतकं पातळ मिश्रण येतं की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. ते तसंच तापलेल्या पुंगळीत जातं, तिथे सांध्यातून किंवा मागच्या तोंडातून आत शिरलेली हवा त्याला मिळते, आणि पेट सिलिंडरऐवजी पाइपमध्ये घेतला जातो. म्हणजे तो आवाज ताकदीचा नाही. जे इंजिनात जळायला हवं होतं ते बाहेर जळलं, याची ती पावती आहे. काही पोरं चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून मुद्दाम फटाके काढतात, तिथेही हाच प्रकार. इग्निशन बंद असताना कोरं मिश्रण पुंगळीत भरतं आणि पुढची ठिणगी पडली की भडकतं. पुंगळीचा सांधा फुटतो, आतली ग्लासवूल उडते, क्वचित व्हॉल्व्हची बैठकही जाते. माझं सरळ मत आहे: जुनी बुलेट जितकी जास्त फट्-फट् करते, तितकं तिचं काम अर्धवट सोडलेलं असतं. नीट लागलेली गाडी मोकळ्या पुंगळीतूनही गोल, भरीव ठोका देते आणि थ्रॉटल सोडल्यावर गप्प राहते.

फोर-स्ट्रोकमध्ये चुकलं तर गाडी कुरकुरते. टू-स्ट्रोकमध्ये चुकलं तर पिस्टन जाम.

येझ्दीचं उदाहरण घ्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत इराणी कुटुंबानं १९६०-६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचं उत्पादन सुरू केलं. १९७३ पासून गाडीवर येझ्दी हे नाव आलं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. मूळ २५० इंजिन ६५ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं. सिलिंडर एक, पण पुंगळ्या दोन. नवख्याला त्यावरून गाडी दोन सिलिंडरची वाटते. त्या पुंगळ्यांत मागून ओढून काढता येणारी जाळी असते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी तेल जळून त्या जाळीवर काजळीचा थर चढतो, आणि वर्षा-दोन वर्षांत गाडी दमेकरी होते. जुने मिस्त्री जाळी काढून जाळायचे किंवा कॉस्टिक सोड्यात उकळायचे. गाडीला पुन्हा दम यायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की जाळी परत घालायचीच कशाला? आवाज मोठा झाला, गाडी हलकी वाटली. आणि एका उन्हाळ्यात हायवेवर चाक लॉक झालं.

त्याचं कारण दुहेरी आहे. येझ्दीत तेल पेट्रोलमधूनच इंजिनात जातं. मिश्रण पातळ झालं म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. उष्णता वाढते तेव्हाच वंगण घटतं. म्हणून टू-स्ट्रोकच्या चांगल्या मिस्त्रीला जेट एक नंबर मोठा चालतो, एक नंबर छोटा चालत नाही. मोठ्यानं फार तर प्लग काळा पडेल आणि धूर वाढेल. छोट्यानं बोअरिंगचा खर्च येतो.

टू-स्ट्रोकची पुंगळी म्हणजे नुसती आवाज दाबायची नळी नाही, इंजिनाचाच एक भाग आहे. हे ज्यानं जगाला दाखवलं तो वाल्टर काडेन पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात होता. दुसऱ्या महायुद्धात त्यानं पेनेम्युंडेच्या शस्त्रास्त्र संशोधन केंद्रात काम केलं होतं. पन्नासच्या दशकात तुटपुंज्या साधनांत त्यानं एक्स्पान्शन चेंबरचं गणित बसवलं. आधी पाइप रुंद होत जातो, त्यामुळे ओढ लागते. मग निमुळता होतो, त्यामुळे उलटी ढकलणारी लाट फिरते आणि एक्झॉस्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत कोंबते. १९६१ ला त्याच्या १२५ सीसी इंजिनानं पंचवीस अश्वशक्ती गाठली, लिटरमागे दोनशे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला, पूर्व जर्मनीत परतलाच नाही, आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ चं पन्नास सीसीचं जगज्जेतेपद त्यानं सुझुकीवर मिळवलं. पुंगळीच्या आकारासाठी माणसानं देश सोडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

या विद्येचं आपल्याकडचं लाडकं अपत्य म्हणजे राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० इथे १९८३ ते १९९० च्या सुमारापर्यंत बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन पुंगळ्या, सहा गिअर. आधीच्या ‘हाय टॉर्क’ची ताकद साडेतीस अश्वशक्ती, नंतरच्या ‘लो टॉर्क’ची सत्तावीसच्या आसपास. तिच्यासाठी पत्र्याचे शंकू कापून, गोल वळवून, गॅस वेल्डिंगनं जोडून हातानं चेंबर बनवणारे कारागीर आजही आहेत. चांगल्या चेंबरवरचे वेल्डिंगचे सांधे पाहत राहावेत असे असतात. पण या गाडीला चेंबर लावणं म्हणजे दोन स्वतंत्र इंजिनांना दोन स्वतंत्र पाइप देणं. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. एअर फिल्टर काढून दोन्ही गळ्यांत बोटं घालून मिस्त्री थ्रॉटल हळूच फिरवतो आणि दोन्ही स्लाइडची पहिली हालचाल बोटांना एकदम जाणवते का ते पाहतो. केबलच्या अॅडजस्टरचा पाव फेराही तिथे कळतो. तेलाचा पंपही त्याच थ्रॉटलला बांधलेला असतो, त्याची खूण जुळवायची. हे न करता जेट बदलत बसलात तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो, आणि दोष बिचाऱ्या जेटला.

म्हणजे पुंगळी बदलूच नये का? मी तसं म्हणणार नाही. मूळची कुजून गेलेली असते, मिळत नाही, मिळाली तर नकली मिळते. पण बदललीच तर पुढचं काम क्रमानं व्हायला हवं, आणि या क्रमातच बरे आणि नुसते चालू मिस्त्री वेगळे पडतात.

बरा मिस्त्री आधी कार्बोरेटरला हात लावत नाही. टॅपेट, पॉइंट, टायमिंग, प्लगचं अंतर, कॉम्प्रेशन तपासतो. मग सांध्यांवर येतो. कार्बोरेटर आणि हेडच्या मधला रबर तडकलेला असेल, पुंगळीच्या तोंडाचं गॅस्केट बसलेलं नसेल, तर वरची सगळी सेटिंग वाया. चालू इंजिनावर त्या रबराभोवती थोडं तेल सोडून आयडलिंग बदलतं का ते बघणं हा जुना उपाय. मग फ्लोटची उंची. वाटीतली पेट्रोलची पातळी चुकली तर एकही भोक बरोबर काम करत नाही. एवढं झाल्यावर पायलट. इंजिन पुरतं गरम करून एअर स्क्रू हळूहळू आत-बाहेर फिरवायचा, आरपीएम सगळ्यात चढतं ती जागा शोधायची, मग आयडल स्क्रूनं खाली आणायचं. मिककार्बवर स्क्रू साधारण दीड फेरा बाहेर असताना ही जागा सापडावी. तो जवळजवळ पूर्ण आत नेल्याशिवाय गाडी सुधारत नसेल तर पायलट जेट छोटा पडतोय. तीन फेरे बाहेर काढावा लागत असेल तर मोठा. नवी पुंगळी लावल्यावर बहुतेकदा पहिलं उत्तर मिळतं. तिथे पायलट एक नंबरनं वाढवला की निम्मी फट्-फट् बंद होते. पुष्कळांचं काम खरं म्हणजे एवढ्यावर भागावं.

मग सुई. आणि सगळ्यात शेवटी मेन जेट, म्हणजे जोगेश्वरीची खरी अडचण.

मेन जेट तपासायचा पाठ्यपुस्तकी मार्ग असा: नवा प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलवर काही शे मीटर सोडा, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, प्लग काढून पाहा. पोर्सेलिन काळं आणि काजळीनं भरलेलं तर मिश्रण जाड. पांढरंफट्ट, वर चमकणारे कण, तर पातळ, थांबा. बदामी असेल तर ठीक. आता हे कुठे करायचं? जेव्हीएलआर दहा किलोमीटरच्या वर लांब, जोगेश्वरीहून थेट विक्रोळीला. पण त्याच्यावर मेट्रो ६ चं काम, खाली बॅरिकेड आणि कंटेनर. एस. व्ही. रोडवर तिसरा गिअर पडला तरी नशीब. हायवेवर पहाटे थोडी मोकळीक, पण तिथे चालत्या रहदारीत इंजिन बंद करून कडेला येणं म्हणजे कार्बोरेटरसाठी जीव धोक्यात घालणं.

म्हणून अनुभवी मंडळी वेगाच्या नादी लागत नाहीत. जेटला गाडीचा वेग कळत नाही, थ्रॉटल किती उघडा आहे तेवढंच कळतं. थ्रॉटलच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या पट्टीवर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. मग फ्लायओव्हरच्या चढणीवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकेक खूण धरून पाहायचं. कुठल्या खुणेवर गाडी गोते खाते, कुठे जड आवाजात गुरगुरते, त्यावरून कुठलं भोक चुकलंय ते कळतं. आणखी एक युक्ती: पूर्ण थ्रॉटलवर गाडी दमत असेल तर थ्रॉटल किंचित सोडून बघा. सोडल्यावर सुधारली तर मेन जेट छोटा.

बदामी रंगाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ती शिकवण शिसेवाल्या पेट्रोलच्या जमान्यातली आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि प्लगवरचा तो सुंदर रंग फिका झाला. आता रंग खरा दिसतो तो पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी, पातळ वळ्यात. तो पाहायला भिंग लागतं. वरवर पाहून ‘पांढरा आहे, जेट वाढवा’ म्हणणारे गाडीचं ॲव्हरेज घालवतात.

याला एक साधा पूरक उपाय पेट्रोल पंपावरच उभा असतो: पीयूसीचं मशीन. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो. लोक त्या आकड्याकडे सर्टिफिकेटपुरतं बघतात. खरं तर पायलट सर्किटचा एवढा स्वस्त तपास दुसरा नाही. कार्बन मोनॉक्साइड वाढला म्हणजे जाड, फारच खाली गेला म्हणजे पातळ. दोन-तीन टक्के दाखवणारी जुनी बुलेट सहसा आयडलिंगला शांत असते आणि सकाळी लवकर उभी राहते. मात्र पुंगळीला सांध्यात गळती असेल तर मशीनमध्ये बाहेरची हवा जाते आणि आकडा खोटा येतो. म्हणून सांधे आधी.

इथपर्यंतची विद्या वीस वर्षांपूर्वीही हीच होती. मधल्या काळात बदललं ते पेट्रोल.

२०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. यात महाराष्ट्राचे साखर कारखाने पुढे आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा रस आणि मळी जोगेश्वरीच्या कार्बोरेटरमध्ये पोचते आहे. त्याचं अर्थकारण वेगळं, पण जेटचं गणित सरळ आहे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनानं चौदा-पूर्णांक-सात भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त नऊ. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तोच जेट, तीच पुंगळी, तरी गाडी सात-आठ टक्के पातळ झाली. जेटचे नंबर ९०, ९२.५, ९५, ९७.५ असे चढतात. नव्वदवर सात टक्के म्हणजे शहाण्णव. पुंगळीसाठी एक-दोन नंबर आणि पेट्रोलसाठी आणखी दोन, असा हिशेब आता करावा लागतो. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यानं जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटेल असं मान्य केलं होतं. जेटचा विषय त्यात नव्हता, असणारही नव्हता. तो आराखडा मुख्यतः पुढच्या गाड्यांसाठी होता.

शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी, अर्धी टाकी, आणि मुंबईची हवा. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक उघडताच पहिलं तेच वाटीत उतरतं. जुन्या रबरी ओ-रिंगा फुगतात, फ्लोटची सुई चिकटते, ओव्हरफ्लो. वाटी रिकामी करून गाडी उभी करणं ही पूर्वी चोखंदळ माणसाची सवय होती, आता सक्ती आहे.

हवेचा परिणाम त्यामानानं किरकोळ. दमट पावसाळी हवेत वाफेनं तीन-चार टक्के जागा खाल्लेली असते, त्यामुळे गाडी थोडी जाड चालते. उलट डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पातळ. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर, तिथे हवा दहा-बारा टक्क्यांनी विरळ. जोगेश्वरीत अगदी काठावर लावलेली गाडी तिकडे जाताना पसरणीचा घाट चढताना गुदमरते ती त्यामुळे. एक नंबर छोटा जेट खिशात ठेवणारे जुने स्वार वेडे नव्हते.

आता कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा वेगळा निकष. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही असं ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्यांवर रोड रोलर फिरवला, त्याचे फोटो वर्तमानपत्रांनी हौसेनं छापले. बुलेटवाल्यांना यात जुलूम दिसतो. मला दिसत नाही. मुंबईत गोंगाटाविरुद्ध डॉ. यशवंत ओकांपासून सुमैरा अब्दुलालींच्या आवाज फाउंडेशनपर्यंत माणसं चाळीसेक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत आली आहेत, आणि चाळीच्या खिडकीखाली रात्री बाराला चावी बंद-चालू करणाऱ्याच्या बाजूनं माझ्याकडे एकही युक्तिवाद नाही. रोड रोलरनं पुंगळी चपटी होते, गाडीतला जेट बिघडलेलाच राहतो, एवढं फक्त नोंदवून ठेवतो. मूळ सायलेन्सर परत लावला आणि पायलट मोठा तसाच राहिला तर गाडी आता काळा धूर सोडते. पुंगळी कुठल्याही दिशेनं बदला, कार्बोरेटर पुन्हा उघडावाच लागतो.

व्हिंटेज म्हणवून घ्यायचं असेल तर प्रश्न आणखी कडक. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी, ती व्हिंटेज. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. मूळ रूप किती मूळ, हे पाहणाऱ्या समितीसमोर पंजाब पुंगळी लावून उभं राहणं मला तरी जमणार नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दी दिनाला जमणाऱ्या मंडळींत हल्ली म्हणूनच मूळ ‘जावा’ ठशाच्या पुंगळ्यांची चौकशी इंजिनाच्या चौकशीइतकीच ऐकू येते.

हिशेब करून पाहा. ज्या येझ्दीवर १९७३ चा ठसा आहे ती पन्नाशी ओलांडून बसली आहे. पहिली राजदूत ३५० ओलांडेल २०३३ मध्ये. ज्यांच्या राजदूतला हातानं ठोकलेले चेंबर आहेत त्यांनी ते जरूर वापरावेत; माळ्यावर मूळ पुंगळ्यांची जोडी असेल तर तिला आतून तेल लावून, तोंडं बांधून ठेवावी, आणि सोबत एका डबीत मूळ नंबरांचे चार जेट, दोन सुया आणि क्लिपा कितव्या खाचेत होत्या त्याची चिठ्ठी.